अमळनेरची कंपनी, पुण्याची मुलाखत

सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून येणारी रेल्वे जळगावच्या अलीकडे अमळनेरला थांबते. बोरी नदीकाठचे हे गाव १९४५ साली कापसाचे, भुईमुगाचे आणि प्रताप मिलच्या भोंग्याचे होते. १९१६ मध्ये प्रतापशेठजींच्या दातृत्वाने इथे तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले होते. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० ही वर्षे इथल्याच शाळेत शिकवण्यात घालवली होती. त्याच अमळनेरात मोहम्मद हाशम प्रेमजी या मुंबईच्या व्यापाऱ्याने वनस्पती तुपाचा कारखाना चालवायला घेतला. २९ डिसेंबर १९४५ रोजी कंपनीची नोंदणी झाली, ती वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स लिमिटेड या नावाने. आसपासच्या शिवारातला भुईमूग, दारात आलेली रेल्वे आणि हाताशी असलेली गिरणगावची कामगारवस्ती, एवढ्या भांडवलावर ‘सनफ्लॉवर’ वनस्पती तूप आणि ‘७८७’ नावाचा कपडे धुण्याचा साबण बाजारात गेला. पुढच्याच वर्षी कंपनीचे शेअर विक्रीला निघाले. अमळनेरच्या अनेक घरांनी ते घेतले आणि पिढ्यान् पिढ्या सांभाळले.

ही कंपनी म्हणजे आजची विप्रो. खान्देशातल्या कोणत्याही इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंटच्या हंगामात हे नाव कानावर पडतेच. जगभर सॉफ्टवेअरची कामे करणारी एवढी मोठी कंपनी आपल्या मातीत जन्मली, याचा अभिमान जळगाव-धुळ्यात आहे आणि तो रास्तही आहे. पण त्या अभिमानाच्या पोटात एक खंत आहे. कंपनी इथली असली, तरी तिच्या मुलाखतीचे टेबल फार वर्षे इथे नव्हते. खान्देशातल्या मुलांचा सॉफ्टवेअर कंपन्यांशी असलेला संबंध समजून घ्यायचा, तर हे टेबल कुठे कुठे मांडले गेले आणि तिथवर पोचायला मुलांना काय करावे लागले, हे पाहावे लागते.

ऑगस्ट १९६६ मध्ये हाशम प्रेमजी गेले. मुलगा अझीम तेव्हा २१ वर्षांचा होता आणि अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकत होता. शिक्षण अर्धवट सोडून तो परतला आणि त्याने साबण-तुपाचा कारभार हाती घेतला. १९७७ साली कंपनीच्या लांबलचक नावाचे ‘विप्रो प्रॉडक्ट्स’ झाले. त्याच सुमारास दिल्लीत जनता सरकार आले होते. परकी चलन नियमन कायद्याखाली परदेशी कंपन्यांनी भारतातली आपली मालकी कमी करावी, असा आग्रह उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी धरला आणि आयबीएमने देश सोडला. बँका, कारखाने, संशोधन संस्था यांना संगणक देणारा मोठा पुरवठादार गेल्यामुळे देशी कंपन्यांना वाट मोकळी झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला विप्रोने स्वतःचा मिनिकॉम्प्युटर बाजारात आणला.

हे काम अमळनेरात होणे शक्यच नव्हते. संगणक बांधायला इलेक्ट्रॉनिक्सचे जाणकार हवेत आणि ते होते बंगळूरला. भारतीय विज्ञान संस्था, हिंदुस्थान एरोनॉटिक्स, भारत इलेक्ट्रॉनिक्स या संस्थांच्या आसपास. म्हणून कंपनीचा नवा संसार तिकडे थाटला गेला. अमळनेरात कारखाना राहिला, तूप-साबण राहिले. इंजिनिअरांच्या मुलाखती बंगळूरला होऊ लागल्या. त्या वेळी धुळे आणि जळगावात सरकारी तंत्रनिकेतने होती, पण इंजिनिअरिंगची पदवी देणारे कॉलेज नव्हते. ज्या जिल्ह्याने कंपनीला पहिला भुईमूग आणि पहिले भागधारक दिले, त्या जिल्ह्यातल्या मुलाला त्याच कंपनीत संगणकावर काम करायचे असेल, तर आधी पुणे, मुंबई, सांगली किंवा कराड गाठून पदवी मिळवावी लागे.

त्या काळची मुलाखत कशी असे, याचा एक नमुना सर्वांना ठाऊक आहे. १९७८ च्या अखेरीस मुंबई आयआयटीतून बाहेर पडलेले नंदन नीलेकणी पटनी कॉम्प्युटर्समध्ये गेले. त्यांची मुलाखत घेतली नारायण मूर्तींनी, भर तर्काच्या कोड्यांवर. पुढे १९८१ मध्ये या दोघांनी आणखी पाच जणांसह पुण्यात इन्फोसिसची नोंदणी केली. उमेदवाराला आज काय येते यापेक्षा तो किती झटपट शिकेल, हे पाहायचे, ही या पिढीची धारणा होती. त्यामुळे मेकॅनिकल, सिव्हिल, केमिकल अशा कोणत्याही शाखेच्या मुलाला सॉफ्टवेअरचे दार उघडले. खान्देशासाठी हा निर्णय फार मोलाचा ठरला, कारण इथे इंजिनिअरिंग आले तेव्हा पालकांच्या डोळ्यांपुढे इंजिनिअर म्हणजे पीडब्ल्यूडी, इरिगेशन किंवा एमएसईबीचा साहेब होता.

ते इंजिनिअरिंग आले १९८३ साली. मुख्यमंत्री वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि खान्देशात एकाच झपाट्यात तीन कॉलेजे उभी राहिली. धुळ्यात श्री शिवाजी विद्याप्रसारक संस्थेचे बापूसाहेब शिवाजीराव देवरे कॉलेज, जळगावजवळ गिरणेपलीकडे बांभोरीला प्रतिभा पाटील यांच्या पुढाकाराने श्रमसाधना ट्रस्टचे कॉलेज आणि फैजपूरला जे. टी. महाजन कॉलेज. फैजपूर म्हणजे १९३६ साली काँग्रेसचे पहिले ग्रामीण अधिवेशन भरवणारे गाव. सत्तेचाळीस वर्षांनी त्याच गावात केळीच्या बागायतदारांची मुले इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंग बोर्डापुढे उभी राहिली, ही खान्देशाच्या सामाजिक इतिहासातली मोठी घटना आहे. तिची नोंद व्हावी तेवढी झालेली नाही. साखरसम्राटांनी काढलेली कॉलेजे म्हणून या पिढीतल्या संस्थांची हेटाळणी पुण्या-मुंबईत पुष्कळ झाली. पण रावेर, चोपडा, साक्री, शिंदखेड्याच्या घरांमधून पहिला पदवीधर इंजिनिअर निघाला, तो बहुतेक ठिकाणी अशाच कॉलेजातून.

तोवर खान्देशातली सगळी महाविद्यालये पुणे विद्यापीठाच्या छत्राखाली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि गिरणेच्या काठी सुमारे साडेसहाशे एकरांवर त्याचा परिसर उभा राहिला. २०१८ मध्ये त्याला आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींचे नाव मिळाले. आपले विद्यापीठ आले, हा आनंद खरा होता. पण इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी त्याला एक दुसरी बाजू होती. राज्यात प्रवेश देताना ७० टक्के जागा त्या विद्यापीठाच्या हद्दीतल्या मुलांना आणि ३० टक्के बाहेरच्यांना, अशी वाटणी बराच काळ चालली. जळगावच्या मुलाला जळगाव-धुळ्यात जागा मिळणे सोपे झाले आणि पुण्यातल्या नामवंत कॉलेजात शिरणे अवघड. कंपन्या मात्र पुण्यात येत होत्या. १९९० मध्ये तिथे पर्सिस्टंट आणि केपीआयटी सुरू झाल्या, दशकाच्या अखेरीस हिंजवडीचे माळरान आयटी पार्क होऊ लागले. मुले गिरणाकाठी आणि मुलाखती मुळा-मुठेकाठी, असे हे अंतर पडले.

हे अंतर मुलांनी रात्रीच्या गाड्यांनी तोडले. जळगाव ते पुणे रस्त्याने चारशेच्या घरात किलोमीटर, धुळे त्याहून थोडे जवळ. संध्याकाळी एसटी किंवा ट्रॅव्हल्स धरायची, नाहीतर महाराष्ट्र एक्स्प्रेसचा जनरल डबा. पहाटे शिवाजीनगरला उतरायचे, कोथरूड किंवा कात्रजला गाववाल्याच्या रूमवर अंघोळ करायची, इस्त्रीचा शर्ट बॅगेतून काढायचा आणि वॉक-इनच्या रांगेत उभे राहायचे. फाइलमध्ये दहावीपासूनच्या गुणपत्रिकांच्या झेरॉक्सचे संच आणि पासपोर्ट आकाराचे फोटो. बुधवारच्या इंग्रजी पेपरातली नोकऱ्यांची पुरवणी वाचनालयात उलगडून जाहिराती उतरवून घेणारी मुले जळगावात आणि धुळ्यात त्या काळी सर्रास दिसत. १९९७ मध्ये नोकरी डॉट कॉम आले आणि कागदाची जागा सायबर कॅफेने घेतली, पण रात्रीचा प्रवास चुकला नाही.

दाराशीच अडवणारी अटही होती आणि आजही आहे: दहावी, बारावी आणि पदवी या तिन्हींत ६० टक्के, एकही एटीकेटी, म्हणजे राहिलेला विषय, शिल्लक नको, शिक्षणात खंड नको. ही अट आखणाऱ्याच्या मनात शहरी मूल असते. खान्देशात दहावीनंतर डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्यांची संख्या मोठी. अकरावीत अचानक इंग्रजी माध्यमाशी गाठ पडल्यामुळे बारावीत गुण घसरलेल्यांची तर त्याहून मोठी. हातात काम असूनही ५८ टक्क्यांमुळे आत न बोलावलेला मुलगा कोणत्याही टीपीओच्या, म्हणजे प्लेसमेंट बघणाऱ्या प्राध्यापकाच्या आठवणीत असतोच.

नव्वदीच्या दशकाच्या शेवटी वाय-टू-के आले. जुन्या प्रणालींमधली वर्षाची दोन आकडी नोंद दुरुस्त करायला भारतीय कंपन्यांना हजारो हात हवे होते. १९९६ मध्ये जळगावला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले होते, २००१ मध्ये शिरपूरला आर. सी. पटेल इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी निघाले. कंपन्यांना मुले हवी होती आणि कॉलेजांना कंपन्या, म्हणून कॅम्पस ड्राइव्ह खान्देशाकडे वळू लागले. आधी चार-पाच कॉलेजांचे मिळून एक ‘पूल कॅम्पस’, मग एकेका कॉलेजात स्वतंत्र. शिरपूरसारख्या, धुळ्याच्या उत्तरेला आग्रा रोडवरच्या तालुक्याच्या गावात कंपनीचे लोक गाडीतून उतरून सभागृहात प्रेझेंटेशन देऊ लागले, याचे श्रेय कॉलेजांनी केलेल्या चिकाटीच्या पाठपुराव्याला आहे. टीपीओंनी पुण्याच्या वाऱ्या केल्या, माजी विद्यार्थ्यांना गाठले, एचआरच्या दारात बसून राहिले.

या ड्राइव्हचा साचा पक्का होता. सकाळी अॅप्टी, म्हणजे काळ-काम-वेग, टक्केवारी आणि तर्काचे प्रश्न, ज्यासाठी आर. एस. अगरवालांचे जाड पुस्तक आणि शकुंतलादेवींची कोडी पाठ केली जात. मग जीडी, म्हणजे गटचर्चा. मग टेक्निकल, ज्याची तयारी नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’वर झालेली असे. पॉइंटर म्हणजे काय, लिंक्ड लिस्ट उलटी कशी करायची, डेटाबेसचे नॉर्मलायझेशन, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट. आणि शेवटी एचआर: कुठेही जायला तयार आहात का? या प्रश्नाला खान्देशातल्या मुलाने नाही म्हटल्याचे फारसे ऐकिवात नाही.

विज्ञान पदवीधरांसाठी एक वेगळी वाट १९९५ पासून खुली होती. विप्रोने बिट्स पिलानीच्या साथीने नोकरी करता करता एमएस करण्याची योजना आणली. जळगावच्या मूळजी जेठा कॉलेजसारख्या ठिकाणी बीएस्सी झालेल्या, इंजिनिअरिंगची फी न परवडलेल्या मुलांसाठी अशी योजना म्हणजे पगारही आणि पदव्युत्तर पदवीही. अमळनेरात उगम पावलेल्या कंपनीने छोट्या गावांतल्या मुलांवर केलेला हा उपकार मोठा आहे.

मात्र ही सगळी भरती तेजी-मंदीच्या हेलकाव्यांवर होती. २०००-०१ मध्ये डॉट कॉमचा फुगा फुटला, २००८ मध्ये अमेरिकी बँका कोसळल्या आणि दोन्ही वेळा ऑफर लेटर हातात असलेली मुले रुजू होण्याच्या तारखेची वाट पाहत बसली. करोनानंतरच्या तेजीत पुन्हा भरमसाट ऑफर निघाल्या आणि पुन्हा तेच झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये विप्रोने, वार्षिक साडेसहा लाखांची ऑफर दिलेल्या आणि थांबवून ठेवलेल्या नवपदवीधरांपुढे साडेतीन लाखांवर रुजू होण्याचा पर्याय ठेवला. शेतीच्या उत्पन्नावर शैक्षणिक कर्ज काढलेल्या घरात या आकड्यांमधला फरक म्हणजे हप्ता भरता येणे किंवा न येणे.

गेल्या दहा-बारा वर्षांत टेबलाची जागाच नव्हे, त्याचे स्वरूपही बदलले आहे. गूगल, मायक्रोसॉफ्ट, अॅमेझॉन यांच्यासारख्या कंपन्या आता पदवीनंतरच्या नोकरीपेक्षा तिसऱ्या वर्षानंतरच्या इंटर्नशिपला निवड करतात आणि काम आवडले तर तिथेच कायमच्या नोकरीची ऑफर देतात. मुलांच्या बोलीत ती ‘पीपीओ’. म्हणजे परीक्षा एक वर्ष अलीकडे आली. तिचे रूपही निराळे. आधी ऑनलाइन कोडिंग राउंड, मग पाऊण ते एक तासाच्या दोन-तीन मुलाखती. त्यात व्याख्या विचारत नाहीत. एक प्रश्न देतात: संख्यांची एक यादी आहे, तिच्यातल्या कोणत्या दोन संख्यांची बेरीज दिलेल्या आकड्याएवढी होते ते शोधा. प्रत्येक संख्या दुसऱ्या प्रत्येकीशी जोडून पाहिली तर उत्तर मिळते, पण यादी दहापट वाढली की काम शंभरपट वाढते. पाहिलेल्या संख्या लक्षात ठेवत एकाच फेरीत पुढे गेले, तर काम यादीच्या प्रमाणातच वाढते, बदल्यात मेमरी जास्त लागते. मुलाखत घेणाऱ्याला हे दुसरे उत्तर हवे असतेच, पण त्याहून जास्त हवा असतो पहिल्यावरून दुसऱ्यावर जातानाचा विचार, आणि तो मोठ्याने बोलून.

इथे खान्देशातल्या मुलाची खरी कसोटी लागते. घरात अहिराणी किंवा लेवा गणबोली, शाळेत प्रमाण मराठी, कॉलेजात इंग्रजी पुस्तके आणि मराठी शिकवणी. त्याचे डोके चालते मराठीत आणि बहुधा उत्तमच चालते. उत्तर सांगायचे तेवढे इंग्रजी त्याने कमावलेले असते. पण चालू विचार, चुकत-माकत, दुरुस्त करत, परक्या भाषेत बोलत राहणे ही वेगळी कला आहे आणि ती कॉलेजात कुणी शिकवत नाही. ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’चे पाठ केलेले उत्तर धडाधड म्हणणारा मुलगा कोडिंगच्या प्रश्नावर गप्प होतो. समोरच्याला वाटते, याला येत नाही. प्रत्यक्षात तो विचार करत असतो. २०२१ पासून मराठीतून इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी मिळाली, पिंपरी-चिंचवडच्या एका कॉलेजात संगणक शाखेचे मराठी वर्ग सुरूही झाले. मुलाखतीचा दरवाजा मात्र इंग्रजीच राहिला, आणि यावर बोलणे टाळून चालणार नाही.

२०२० च्या मार्चनंतर मुलाखती स्क्रीनवर आल्या आणि रात्रीचा प्रवास संपला. चोपड्याच्या मुलाला पुण्याच्या रूमवर अंघोळ करायची गरज उरली नाही. त्याच्या जागी लोडशेडिंग, मोबाईलचा हॉटस्पॉट आणि घरातली एकमेव शांत खोली हे नवे प्रश्न आले, पण अंतराच्या बाबतीत खान्देशाला मिळालेली ही सर्वांत मोठी सवलत होती, यात शंका नाही.

इंटर्नशिपने ती सवलत बऱ्याच अंशी परत घेतली. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ च्या आदर्श अभ्यासक्रमात इंटर्नशिपला श्रेयांक दिले आणि आठवे सत्र कंपनीत घालवण्याची पद्धत रुजली. कामावर शिकणे खान्देशाला नवे नाही. शिकाऊ उमेदवार कायदा १९६१ चा आहे, १९७३ मध्ये पदवी-पदविकाधारक इंजिनिअरही त्याच्या कक्षेत आले. भुसावळ आणि वरणगावचे आयुधनिर्माण कारखाने, भुसावळची रेल्वे, दीपनगरचे वीजकेंद्र इथे आयटीआय आणि डिप्लोमाची मुले विद्यावेतनावर काम शिकत आली. ती संध्याकाळी घरी जात. सॉफ्टवेअरच्या इंटर्नला मात्र बहुतेक वेळा हिंजवडी, खराडी किंवा बंगळूरला सहा महिने राहावे लागते. मोठ्या कंपन्या घसघशीत विद्यावेतन देतात, पण बहुसंख्य मुलांना मिळते ती छोट्या कंपनीतली जागा, जिथे विद्यावेतन खोलीभाडे आणि मेसमध्येच संपते किंवा मिळतच नाही. २०२४ मध्ये केंद्राने दरमहा ५,००० रुपयांची इंटर्नशिप योजना आणली, राज्याने ६,००० ते १०,००० रुपयांची युवा कार्य प्रशिक्षण योजना. दोन्हींत नियमित शिक्षण चालू असलेल्यांना जागा नाही. म्हणजे आठव्या सत्रातला, सर्वांत गरजू विद्यार्थीच बाहेर राहिला.

हा भार मुलींवर दुप्पट पडतो. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला जळगावच्या होस्टेलवर ठेवायला तयार झालेले पालक सहा महिन्यांसाठी अनोळखी शहरात पाठवताना अडखळतात. मग घरून करता येणारी, नावापुरती, प्रमाणपत्रापुरती इंटर्नशिप पत्करली जाते आणि खऱ्या कामाच्या मुलाखतीत प्रोजेक्टवर प्रश्न आला की ती उघडी पडते.

मदत येते ती आधी गेलेल्यांकडून. बांभोरीचा किंवा शिरपूरचा सीनियर हिंजवडीतून रेफरल टाकतो, रविवारी व्हिडिओ कॉलवर मॉक इंटरव्ह्यू घेतो, आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये ज्युनियरची गादी घालतो. ही साखळी कोणत्याही संस्थेच्या कागदावर नाही आणि खान्देशातल्या निम्म्या प्लेसमेंट तिच्या भरवशावर उभ्या आहेत, असे म्हटले तर टीपीओही हरकत घेणार नाहीत. पण तिच्यावरच किती काळ विसंबायचे? विद्यापीठाकडे गिरणाकाठी साडेसहाशे एकर जागा आहे, संगणकशास्त्राचा विभाग आहे. पुण्यातल्या कंपन्यांना तिथे बसायला शंभर खुर्च्या आणि चांगले इंटरनेट द्यावे, त्यांनी आठव्या सत्राच्या मुलांना तिथूनच काम द्यावे, आणि याची सुरुवात अमळनेरात कारखाना राखून असलेल्या उद्योगसमूहाने करावी, ही मागणी विद्यापीठाने येत्या शैक्षणिक वर्षाच्या आधीच लेखी स्वरूपात पाठवायला हवी.